ड्रॉहेडाच्या भिंतींवरच्या आयरिश पुराणकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये राहणारी आणि इथे फिरायला येणारी मराठी मंडळी ड्रॉहेडाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, मग कथांचे आणि शेवटी अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं काय आहे? संग्रहालय आहे का?

संग्रहालय नाही. ड्रॉहेडा हे लाउथ काउंटीतलं, बोइन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं गाव. २०२२ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४४,१३५ होती. गावातल्या इमारतींच्या मोठ्या भिंतींवर आयरिश पुराणकथांमधली पात्रं रंगवलेली आहेत. ती एकामागून एक पायी फिरत पाहायची. उपक्रमाचं नाव ‘ड्रॉडा’. स्टॉकवेल स्ट्रीटवरच्या ड्रोइखेड आर्ट्स सेंटरने तो २०२१ मध्ये सुरू केला. कथा निवडताना बोइनच्या खोऱ्यावर भर दिला आहे, आणि या पायवाटेची खरी ताकद तिथेच आहे. जी नदी कथेत आहे, तीच नदी चित्रापासून चार पावलांवर वाहते.

२. तिकीट किती? कधी उघडतं?

तिकीट नाही आणि दारही नाही. भिंती रस्त्यावर आहेत, त्यामुळे केव्हाही जा. मात्र काही चित्रं गाड्या उभ्या करायच्या आवारांच्या आसपास आहेत. मोठी गाडी आडवी लागली असेल तर खालचा भाग दिसत नाही, म्हणून रविवारी सकाळी लवकर जाणं उत्तम.

३. डब्लिनहून कसं जायचं?

ड्रॉहेडा डब्लिनच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. कॉनोली स्थानकातून रेल्वे मिळते. लोकल गाडीला तासभर लागतो, बेलफास्टला जाणारी एंटरप्राइज गाडी त्यापेक्षा लवकर पोहोचते (ती पकडण्याआधी प्रश्न ५ वाचा). विमानतळावरून थेट बस आहे. स्वतःची गाडी असेल तर एम-१ महामार्ग.

मी रेल्वेच सुचवेन. स्थानक नदीच्या दक्षिण काठावर, थोडं उंचावर आहे. तिथून गावात उतरत जाताना १८५५ मध्ये पूर्ण झालेला बोइनवरचा उंच रेल्वेपूल पाहता येतो. नदी, पूल आणि गाव यांची मांडणी त्या उतारावरूनच सगळ्यात चांगली कळते.

४. माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे. चालेल का?

नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. एक अपवाद आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात अल्पकालीन व्हिसाची संयुक्त योजना आहे आणि ती भारतीय नागरिकांना लागू होते. त्या योजनेची नोंद तुमच्या ब्रिटिश व्हिसावर असेल तर आधी ब्रिटनमध्ये उतरून मग इथे येता येतं. प्रत्येक ब्रिटिश व्हिसावर ही नोंद नसते. तिकीट काढण्याआधी आपला व्हिसा नीट वाचा आणि आयरिश दूतावासाचे ताजे नियम पाहा.

५. एंटरप्राइज गाडीत बसून पुढे बेलफास्टही पाहून आलो तर?

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात आहे. डंडॉक हे प्रजासत्ताकातलं शेवटचं स्थानक. त्यापुढे सीमा कधी ओलांडली ते खिडकीतून कळतही नाही, कारण तिथे नेहमीची पासपोर्ट तपासणी होत नाही. तपासणी होत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनसाठी वैध व्हिसा किंवा प्रश्न ४ मधली संयुक्त नोंद हवी. इथे नोकरीला असलेल्यांनाही हे लागू आहे. आयर्लंडचं रहिवासी कार्ड बेलफास्टला चालत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन निघताना तर हे आधीच तपासा.

६. किती वेळ ठेवावा आणि सुरुवात कुठून करावी?

नुसतं चालायचं असेल तर दीड-दोन तास पुरतात. कथा सांगत, थांबत जायचं असेल तर अर्धा दिवस ठेवा.

सुरुवात भिंतीपासून करू नका, नदीपासून करा. नदीवरच्या पुलावर पाच मिनिटं थांबा, पाणी कोणत्या दिशेने समुद्राकडे जातं ते बघा आणि बोआनची कथा (प्रश्न ११) तिथेच सांगा किंवा वाचा. नंतर उत्तर काठावरची जुनी पेठ, वेस्ट स्ट्रीट, १३ व्या शतकातलं सेंट लॉरेन्स गेट, आणि शेवटी दक्षिणेला मिलमाउंट टेकडी. वाटेतली चित्रं या फेरीत जोडून घेता येतात. नकाशा उपक्रमाच्या संकेतस्थळावर मिळतो. वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर थोलसेल नावाची जुनी दगडी इमारत आहे, तिथल्या पर्यटन माहिती केंद्रातही विचारा.

७. आई-बाबा सत्तरीचे आहेत, शिवाय बाबागाडी आहे. जमेल का?

बहुतेक भाग जमेल. नदीकाठ आणि वेस्ट स्ट्रीट सपाट आहेत. मात्र गाव दोन उतारांवर वसलेलं आहे, त्यामुळे नदीपासून कुठल्याही बाजूला वर गेलात की चढ लागतो. मिलमाउंटची चढण गुडघे दुखणाऱ्यांना जड जाते, तिथे गाडीने वर जा. पावसानंतर जुन्या गल्ल्यांमधली फरशी निसरडी होते, तेव्हा चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत.

८. कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी निघालात तरी चालतं. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. पावसाची धास्ती घेऊ नका. भुरभुर पावसात ओल्या भिंतींवरचे रंग जास्त गडद दिसतात, आणि ढगाळ दिवशी फोटोत एका बाजूला कडक ऊन, दुसऱ्या बाजूला काळी सावली असा प्रकार होत नाही. अडवतो तो वारा. छत्री उलटी होते, टोपीचा रेनकोट आणा.

९. तुम्ही प्रत्येक चित्राचा पत्ता का देत नाही?

कारण भिंत ही कायमची गोष्ट नाही. शेजारी नवी इमारत उभी राहते, घर विकलं जातं, गिलावा सुटतो, नवं चित्र येतं. छापलेली यादी लवकरच जुनी होते आणि लोक रिकाम्या भिंतीसमोर उभे राहतात. निघायच्या दिवशी अधिकृत नकाशा उघडणं हाच खात्रीचा मार्ग. इथे पुढे पात्रं आणि त्यांच्या खुणा दिल्या आहेत. भिंतीवर मासा, हंस किंवा कावळा दिसला की कोणती कथा आठवायची, हे त्यातून कळेल.

१०. ही नावं उच्चारायची कशी?

आयरिश लेखन आणि उच्चार यांत बरंच अंतर असतं. देवनागरीत जवळपास असं लिहिता येईल: बोआन, एंगस, एडीन, फ्युन मक् कूल, कू खुलिन, मेव्ह, मोरिगन, दाग्दा, अव्हर्गिन, आणि या सगळ्या देवकुळाचं नाव तूअहा डे डॅनन. न्यूग्रेंज या गावाजवळच्या प्राचीन दगडी थडग्याच्या परिसराला ‘ब्रू ना बोन्या’ म्हणतात. उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेच्या बोलींत थोडा फरक पडतो, त्यामुळे एखाद्या स्थानिकाने वेगळा उच्चार केला तर तोही बरोबरच असतो.

११. एकच कथा वाचून जायचं असेल तर कोणती?

बोआनची. बाकी सगळ्या कथा या नदीच्या काठाने चालतात, आणि ही कथा नदीच्या जन्माची आहे.

सेगाश नावाची एक विहीर होती. तिच्याभोवती हेझलची नऊ झाडं, त्यांची फळं पाण्यात पडत आणि पाण्यातला सामन मासा ती खाई. सगळ्या ज्ञानाचा आणि काव्याचा उगम ते पाणी. विहिरीजवळ जायचा अधिकार फक्त नेख्तान आणि त्याच्या तीन प्यालेवाहकांना. नेख्तानची बायको बोआन मात्र गेली. ती विहिरीभोवती उलटी, म्हणजे डावीकडून फिरली. पाणी उसळलं, तीन लाटा तिच्यावर आल्या. त्यांनी तिचा एक डोळा, एक हात आणि एक पाय नेला. ती समुद्राच्या दिशेने धावली, पाणी मागे धावलं, आणि ती जिथून धावली ती वाट म्हणजे बोइन नदी. समुद्रापाशी ती बुडाली.

ही कथा अनेकदा ‘आज्ञा मोडली म्हणून शिक्षा’ अशी सांगितली जाते. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. ज्ञान एका पुरुषाच्या ताब्यातल्या विहिरीत बंद होतं. बोआनमुळे ते सगळ्या खोऱ्यात वाहू लागलं, मासेही नदीत आले, आणि पुढच्या पिढ्यांना ज्ञान नदीकाठी मिळू लागलं (प्रश्न १२). तिने त्यासाठी आपलं शरीर दिलं. भिंतीवर बोआन दिसली तर चित्रकाराने तिला बळी म्हणून रंगवलंय की नदी म्हणून, हे आवर्जून पाहा.

दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात ही नदी ‘बुविंडा’ म्हणून येते. तिच्या नावात पांढरी गाय आहे, आणि आयरिशमध्ये आकाशगंगेलाही पांढऱ्या गायीची वाट म्हणतात. भूगोलातला उगम किल्डेअर काउंटीत कारबरीजवळच्या विहिरीत आहे. तिथून समुद्रापर्यंत नदी सुमारे ११२ किलोमीटर वाहते, आणि शेवटच्या टप्प्यात ड्रॉहेडा येतं.

१२. मासा आणि अंगठा चोखणारा मुलगा, हे काय प्रकरण आहे?

हा फ्युन. तेव्हा त्याचं नाव डेमने होतं आणि तो कविता शिकायला फिनेगस नावाच्या कवीकडे आला होता. फिनेगस सात वर्षं बोइनच्या डोहाशी ज्ञानाच्या माशाची वाट पाहत बसला होता. मासा अखेर सापडला. त्याने तो पोराला भाजायला दिला आणि बजावलं, एक घासही खायचा नाही. मुलाने खाल्ला नाही, पण भाजताना अंगठा पोळला आणि त्याने तो तोंडात घातला. झालं, सगळं ज्ञान त्याला मिळालं. फिनेगसने ते ओळखलं आणि उरलेला मासाही त्यालाच दिला. पुढे आयुष्यभर अडचण आली की फ्युन अंगठा तोंडात घालून उत्तर शोधत असे.

मला यातला फिनेगस फार मोठा वाटतो. सात वर्षांचं तप हातातून गेलं, तरी तो मुलावर रागावला नाही. आपल्याकडच्या मुलांना ही कथा चटकन पटते, म्हणून लहान मुलं असतील तर इथूनच सुरुवात करा.

१३. चित्रात हंस दिसला. म्हणजे लिरची मुलं ना?

दरवेळी नाही. आयरिश कथांमध्ये हंसांच्या निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पर्यटक त्या हमखास एकमेकांत मिसळतात.

लिरच्या चार मुलांना सावत्र आईने हंस केलं. त्यांनी ९०० वर्षं तीन ठिकाणी काढली: वेस्टमीथमधल्या सरोवरात, उत्तरेच्या समुद्रात आणि पश्चिमेच्या एका बेटाशी. यातली कुठलीही जागा बोइनवर नाही.

दुसरी गोष्ट एंगसची. त्याला स्वप्नात एक मुलगी दिसली आणि तो झुरू लागला. शोधता शोधता कळलं की ती केर, एक वर्ष माणूस आणि एक वर्ष हंस असते. एका सरोवरावर दीडशे हंसांमध्ये त्याने तिला ओळखलं, स्वतःही हंस झाला आणि दोघं उडत ब्रू ना बोन्याला आली. त्यांचं गाणं ऐकून तिथली माणसं तीन दिवस आणि तीन रात्री झोपली. ही बोइनची कथा.

तिसरी एडीनची, आणि तीही या खोऱ्याशी जोडलेली. मिडिर नावाच्या देवपुरुषाने तिच्याशी लग्न केलं. त्याच्या पहिल्या बायकोने तिला मंत्राने आधी पाणी, मग अळी आणि मग एक सुंदर माशी केलं. वाऱ्याने तिला वर्षानुवर्षं भिरकावलं. काही काळ एंगसने तिला सूर्यप्रकाशाच्या एका छोट्या मंडपात जपलं. अखेर ती एका स्त्रीच्या पेल्यात पडली, गिळली गेली आणि पहिल्या जन्मानंतर १०१२ वर्षांनी पुन्हा जन्मली. या जन्मी ती तारा नावाच्या टेकडीवरून राज्य करणाऱ्या राजाची राणी झाली. मिडिर परत आला, राजाशी पटावरचा खेळ खेळला, डाव जिंकून तिला मिठीत घेतलं, आणि दोघं हंस होऊन छताच्या धुराड्यातून उडून गेली.

थोडक्यात खूण अशी: चार हंस असतील तर बहुधा लिरची मुलं, दोन असतील तर एंगस आणि केर किंवा मिडिर आणि एडीन. सोबत माशी किंवा किडा दिसला तर एडीनच.

१४. काळा कावळा म्हणजे अपशकुन का?

युद्धदेवता मोरिगन कावळ्याच्या रूपात येते. कोण मरणार हे तिला माहीत असतं, पण तिला नुसती अशुभ म्हणणं चूक आहे. ती राज्य, भूमी आणि युद्धाचं भवितव्य यांची देवता आहे. लाउथच्या वीराशी, कू खुलिनशी, तिचं नातं गुंतागुंतीचं आहे. त्याने तिला नाकारलं तेव्हा ती बाम मासा, लांडगी आणि बिनशिंगी लाल कालवड होऊन त्याच्यावर आली.

त्याच्या मृत्यूची कथा इथल्या लोकांना फार जवळची. जखमी झाल्यावर उभ्यानेच मरायचं म्हणून त्याने स्वतःला दगडाला बांधून घेतलं. शत्रू जवळ यायला धजेनात. पक्षी येऊन खांद्यावर बसला तेव्हा कुठे त्यांना कळलं की तो गेला. परंपरेने जो दगड दाखवतात तो लाउथमध्येच, नॉकब्रिज गावाजवळच्या शेतात उभा आहे.

१५. गदा आणि कढई घेतलेला धिप्पाड माणूस कोण?

दाग्दा, देवांचा पिता. गदेच्या एका टोकाने तो मारतो, दुसऱ्याने जिवंत करतो. त्याच्या कढईपाशी आलेला कोणीही उपाशी परतत नाही. बोआनला त्याच्यापासून एंगस झाला. गोष्ट उघडी पडू नये म्हणून दाग्दाने सूर्याला नऊ महिने जागच्या जागी थांबवलं, म्हणजे मूल एका दिवसात राहिलं आणि जन्मलंही.

१६. मिलमाउंट टेकडीचा कथांशी काय संबंध?

परंपरा सांगते की तिथे अव्हर्गिन कवी पुरलेला आहे. तो समुद्रावरून आलेल्या माणसांचा कवी. आयर्लंडच्या मातीवर पाय ठेवताना त्याने स्वतःला वारा, लाट, बैल, ससाणा अशी नावं देत एक स्तोत्र म्हटलं. देवांनी आणि माणसांनी जमीन कशी वाटून घ्यायची याचा निवाडाही त्यानेच दिला. एका कवीच्या शब्दावर देश ठरतो, ही कल्पना मला या सगळ्या कथांमध्ये सर्वांत सुंदर वाटते. त्याचा भाऊ कोल्पा बोइनच्या मुखाशी बुडाला, म्हणून मुखाला त्याचं नाव मिळालं.

टेकडीवर नॉर्मनांनी गढी बांधली आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गोल मार्टेलो बुरूज आला. १९२२ च्या यादवी युद्धात तो तोफांनी फोडला गेला, नंतर दुरुस्त केला. वरून सगळं गाव दिसतं, शेजारी संग्रहालयही आहे.

१७. मी वाचलेली कथा वेगळी होती. खरी कोणती?

दोन्ही. या कथा आधी तोंडी होत्या आणि नंतर ख्रिस्ती मठांमध्ये लिहिल्या गेल्या. सर्वांत जुन्या हस्तलिखित संग्रहांपैकी एक सुमारे ११०० मधला आहे, तो डब्लिनमध्ये रॉयल आयरिश अकादमीत ठेवला आहे. १२ व्या शतकातलं लेन्स्टरचं पुस्तक ट्रिनिटी कॉलेजात आहे. कथा या पोथ्यांहून बऱ्याच जुन्या, पण लिहिणाऱ्यांनी काही जोडलं, काही गाळलं. उदाहरणार्थ, बोआनचा नवरा एका कथेत नेख्तान, तर दुसऱ्या कथेत एल्कमार आहे. चित्रकार यातली एक आवृत्ती निवडतो, तुम्ही वाचलेली दुसरी असू शकते.

१८. चित्रांतली गोल गोल सर्पिल नक्षी केल्टिक आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज दुकानांनी फार पसरवला आहे. न्यूग्रेंजच्या दगडांवरची सर्पिलं इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराची आहेत, गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. केल्टिक भाषा इथे पोहोचल्या त्या फार नंतर. ती कोरणाऱ्यांची भाषा कोणालाच माहीत नाही. गुंफलेल्या गाठींची नक्षी हा तिसराच काळ, ख्रिस्ती मठांचा. त्याचा उत्तम नमुना ड्रॉहेडाच्या उत्तरेला जवळच मोनास्टरबॉइस इथल्या मुइरेदाखच्या दगडी क्रूसावर दिसतो. भिंतीवर तिन्ही एकत्र आली तर ती आजच्या चित्रकाराची निवड असते. त्यात चूक काही नाही, फक्त त्यांना एकाच काळाची समजू नका.

१९. न्यूग्रेंज त्याच दिवशी होईल का?

होईल, पण आधी आरक्षण करा. ते गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. थेट गाडी नेऊन आत शिरता येत नाही. ब्रू ना बोन्याच्या अभ्यागत केंद्रातून त्यांच्या बसने जावं लागतं. उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. हा परिसर १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हिवाळ्यातल्या अयनाच्या सुमारास पहाटे सूर्यकिरण दारावरच्या झरोक्यातून सुमारे १९ मीटर लांब वाटेने आतल्या दालनात पोहोचतात. उत्खनन करणाऱ्या मायकल ओ’केली यांनी हे २१ डिसेंबर १९६७ रोजी आत बसून पाहिलं. त्या दिवसांतला प्रवेश सोडतीने मिळतो. कथेत हे एंगसचं घर. त्याने ते ‘एक दिवस आणि रात्र’ मागून घेतलं, आणि सगळं जगणंच दिवस आणि रात्र आहे असं सांगून कायमचं ठेवून घेतलं.

२०. या देवांची आजही पूजा होते का?

समाज म्हणून नाही. आयर्लंड पंधराशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती आहे, आणि गावातल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये १६८१ मध्ये फाशी दिलेल्या ऑलिव्हर प्लंकेट या संताचं शिर जतन केलेलं आहे. मात्र जुनं पूर्ण गेलेलंही नाही. दाग्दाची मुलगी ब्रिगिट आणि संत ब्रिगिड यांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत. २०२३ पासून तिच्या नावाने फेब्रुवारीत सार्वजनिक सुट्टी असते. काही मोजके लोक आज नव्याने जुने सण पाळतात. चित्रासमोर कोणी फुलं ठेवलेली दिसली तर ती हलवू नका.

२१. आपल्या पुराणांशी याचं नातं आहे का?

भाषांचं नातं नक्की आहे. आयरिश आणि मराठी दोन्ही भारोपीय कुळातल्या. त्यापलीकडे जाताना जपून पावलं टाका. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझील यांनी नेख्तानच्या विहिरीचा संबंध वेदांतल्या अपां नपात् या जलदेवतेशी जोडला होता. पाण्यातलं तेज अपात्राला जाळतं, हे दोन्हीकडचं साम्य लक्ष वेधून घेणारं आहे, पण तो तर्कच राहतो. देवकुळाच्या नावातली डॅनन आणि वेदांतली दानु यांच्या संबंधावरही वाद आहे. ‘हे आपलंच तिकडे गेलं’ असं म्हणणाऱ्या पोस्ट पुढे पाठवू नका. बोआन बोइनची आहे आणि तिला तिथेच भेटावं.

२२. बेलफास्टच्या भित्तिचित्रांसारखी ही राजकीय आहेत का?

नाही. बेलफास्टमधली अनेक भित्तिचित्रं १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या संघर्षाची, दोन समाजांच्या बाजू सांगणारी आहेत. तिथे एकच पुराणपुरुष दोन्ही बाजूंनी आपला म्हटला. कू खुलिनचा पुतळा डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून आहे, तर बेलफास्टच्या ब्रिटनशी निष्ठावंत वस्त्यांत तोच अल्स्टरचा, म्हणजे उत्तरेच्या प्रांताचा, रक्षक म्हणून रंगवला गेला. ड्रॉहेडाला स्वतःच्या जखमा आहेत, १६४९ मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलने इथे कत्तल केली आणि १६९० ची बोइनची लढाई जवळच झाली. त्यामुळे गावाने आपल्या भिंतींसाठी त्याहून जुन्या, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या कथा निवडल्या, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

२३. शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. भारतीय उपाहारगृहं आहेत, आणि बहुतेक कॅफेंत शाकाहारी सूप आणि सँडविच असतं. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, ते विचारून घ्या.

२४. फोटो काढून टी-शर्टवर छापता येईल का? रस्त्यावरचंच तर चित्र आहे.

स्वतःसाठी फोटो काढा, कुटुंबाला पाठवा, अडचण नाही. विकण्यासाठी नाही. आयर्लंडच्या २००० च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागेतल्या इमारती, शिल्पं आणि कलाकुसरीच्या वस्तू यांना सूट आहे. भिंतीवरचं चित्र त्या सुटीत येत नाही, त्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो. भारतातल्या कायद्यातही रंगचित्राला अशी मोकळीक नाही, त्यामुळे ‘छपाई पुण्यात करतो’ हा मार्ग नाही. दिनदर्शिका, पुस्तकाचं मुखपृष्ठ, जाहिरात, पैसे मिळवणारा व्हिडिओ, या सगळ्यांसाठी चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. त्यांचं नाव उपक्रमाच्या पानावर असतं. घरगुती फोटो टाकतानाही नाव लिहा.

२५. ड्रोन उडवता येईल का?

कॅमेरा असलेला ड्रोन असेल तर चालवणाऱ्याची नोंदणी हवी. २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर कॅमेरा नसला तरी हवी. गर्दीवरून उडवता येत नाही. पेठेत माणसं, खिडक्या आणि सीगल पक्षी इतके असतात की मी तरी नको म्हणेन. चित्रं रस्त्यावर उभं राहून पाहण्यासाठीच मांडलेली आहेत.

२६. एका चित्राचा रंग उडालेला दिसला. कोणाला कळवायचं? आपण हातभार लावू शकतो का?

ड्रोइखेड आर्ट्स सेंटरला कळवा. फोटोसोबत रस्त्याचं नाव लिहा. स्वतः रंग लावू नका. दक्षिणेकडच्या भिंतींवर उन्हाने रंग फिकट होतात, तर गिलाव्यात पाणी मुरलं की आतले क्षार बाहेर येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या कारणात नुसता रंग देऊन उपयोग नसतो, आधी भिंत सुकवावी लागते. हे ठरवायचा हक्क भिंतीच्या मालकाचा आणि चित्रकाराचा. मदतच करायची असेल तर केंद्रातल्या कार्यक्रमांची तिकिटं काढा आणि इथे येणाऱ्या पाहुण्यांना न्यूग्रेंजबरोबर गावातही घेऊन या.